शिबिरापूर्वी गटप्रमुखांची कार्यशाळा : काडीपासून समतल चरापर्यंत

उन्हाळी शिबिराच्या तयारीत जागा, जेवण, वाहने आणि पालकांची संमतिपत्रे यांवर जेवढा वेळ जातो, त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही वेळ गटप्रमुखांच्या तयारीला मिळत नाही. ज्या ताई-दादांवर मुले दिवसभर सोपवायची, त्यांची आदल्या संध्याकाळी तासभर बैठक होते, त्यांच्या हातात वेळापत्रकाचा कागद दिला जातो आणि दुसऱ्या दिवशी तेच कागदात बघून मुलांना गाठी शिकवू लागतात. हे टाळायचे असेल, तर शिबिराच्या किमान आठवडाभर आधी, शक्यतो शिबिराच्याच जागेवर, दोन दिवसांची निवासी कार्यशाळा घ्यावी. तिचा नियम एकच असावा : मुलांकडून जे करून घ्यायचे आहे, ते प्रत्येक गटप्रमुखाने त्याच साहित्याने, त्याच जमिनीवर आणि त्याच उन्हात स्वतःच्या हाताने एकदा पूर्ण केले पाहिजे.

गट सहा ते आठ मुलांचा ठेवावा. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर जे पहिले प्रायोगिक स्काउट शिबिर घेतले, त्यात वीस-एक मुलांचे चार गट केले होते. छोट्या गटाची ही पद्धत आजही उपयोगी पडते, कारण आठाच्या वर मुले गेली की दोघांच्या हातात साहित्य असते आणि उरलेली बघे होतात. साठ मुलांच्या शिबिराला त्यामुळे आठ ते दहा गटप्रमुख लागतात, आणि दोन राखीव.

उपक्रम निवडताना होणारी मुख्य चूक म्हणजे यादी वाढवणे. कागदकाम, मातीकाम, गाठी, आकाशदर्शन, श्रमदान असे सुटे-सुटे तुकडे लावले की कोणत्याच तुकड्याला पुरेसा वेळ मिळत नाही आणि मुलांना एकाचा दुसऱ्याशी संबंधही लागत नाही. त्याऐवजी तीन-चार उपक्रमांची अशी साखळी करावी की पहिल्यात कळलेली गोष्ट दुसऱ्यात वापरावी लागेल. खाली दिलेली साखळी अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि तिला खर्च जवळजवळ नाही.

पहिले सत्र : काड्या आणि नळी

लाकडी काड्यांच्या काडीपेट्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी एवढेच साहित्य पुरते. नळी जुन्या सायकल दुकानांत मिळते. मेणकाड्या वाकतात, त्या घेऊ नयेत. काड्यांचे गुल कार्यशाळेतच गटप्रमुखांनी खरवडून ठेवावेत, हे काम मुलांकडे देऊ नये. काड्यांची ही रचना टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांच्या कामामुळे देशभरातल्या शिक्षकांपर्यंत पोहोचली आहे.

नळीचे साधारण दीड सेंटिमीटरचे तुकडे करावेत. एका तुकड्यात दोन्ही बाजूंनी काड्या खोचल्या की जोड तयार होतो. तीन काड्या आणि तीन जोड यांचा त्रिकोण करावा, मग चार-चारांचा चौकोन. आता गटप्रमुखांनी काहीही न सांगता दोन्ही आकार मुलांच्या हातात द्यावेत. चौकोन दाबताच तिरका होतो, त्रिकोण होत नाही. चौकोन ताठ करायला काय करावे, हा प्रश्न विचारून थांबावे. कोणीतरी कर्णाची काडी घालू पाहते, ती आखूड पडते, मग दोन काड्या जोडून बघते. या धडपडीला दहा मिनिटे लागतात आणि ती दहा मिनिटे हाच खरा उपक्रम आहे. पुढे तुकड्याच्या मधोमध बाभळीच्या काट्याने भोक पाडून तिसरी काडी घातली की तिहेरी जोड होतो, आणि असे चार जोड व सहा काड्या घेऊन चार त्रिकोणांचा पिरॅमिड उभा राहतो. घराच्या छपराची कैची आणि शेतातून जाणारे विजेचे मनोरे मुलांना आता वेगळे दिसू लागतात.

कार्यशाळेत हे सत्र गटप्रमुखांनी जोडीने करावे : एकाने इतरांना शिकवावे, दुसऱ्याने फक्त पाहावे आणि शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या हातातली वस्तू किती वेळा स्वतःकडे ओढून घेतली, याच्या रेघा कागदावर मारत जावे. ‘दे इकडे, मी दाखवतो’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो, हे त्या रेघा मोजल्यावर समजते. दुसऱ्या फेरीत शिकवणाऱ्याने हात पाठीमागे बांधून केवळ शब्दांनी शिकवावे. ही फेरी अवघड जाते, म्हणूनच ती वगळू नये.

दुसरे सत्र : दोरी आणि बांबू

गाठी भरपूर शिकवण्याचा मोह सोडावा. या साखळीला दोनच लागतात. पहिली रीफ गाठ : उजवे टोक डाव्यावरून, मग डावे उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवेच वर घेतले की जी गाठ होते ती ओढल्यावर सरकते. दोन्ही गाठी शेजारी-शेजारी बांधून मुलांना स्वतः ओढू द्यावे. रीफ गाठ बँडेज किंवा गाठोडे बांधण्यासाठी आहे, माणसाचे वजन पेलणारे दोन दोर जोडण्यासाठी ती कधीही वापरू नये, हे स्पष्ट सांगावे. दुसरी क्लोव्ह हिच, म्हणजे बांबूला दोरी पक्की अडकवण्याची गाठ. बांबूंची बांधणी हिनेच सुरू होते आणि हिनेच संपते.

गाठ शिकवताना मुलांच्या समोर उभे राहू नये, कारण तुमचा उजवा हात त्यांच्या डावीकडे दिसतो आणि निम्मा गट उलटी गाठ मारतो. शेजारी, त्यांच्याच दिशेला तोंड करून बसावे. दोरी जाड आणि शक्यतो दोन रंगांची घ्यावी. सुतळीवर गाठ दिसतही नाही आणि चुकली तर सुटतही नाही.

यानंतर सुमारे दोन मीटरचे दोन बांबू वरच्या टोकाला एकत्र बांधून पाय फाकवावेत आणि मध्यावर आडवी काठी बांधावी. वर जिथे बांबू मिळतात तिथून दगडाचा ओळंबा असा सोडावा की त्याची दोरी आडव्या काठीच्या खाली यावी. काड्यांच्या सत्रात ताठ राहिलेला त्रिकोण इथे माणसाच्या उंचीचा होतो. बांधणी सैल असेल तर चौकट हलते आणि मुलांना कोणी न सांगता पुन्हा बांधावी लागते. शाबासकी किंवा गुण देण्याची गरज राहत नाही, आणि माझ्या मते शिबिरात गुण नसलेलेच बरे.

तिसरे सत्र : समतल रेषा

बांबूची ही चौकट उतारावर एकाच उंचीच्या जागा शोधण्यासाठी आहे. ती वापरण्यापूर्वी तिची खूण ठरवावी लागते. जमिनीवर दोन दगड ठेवून त्यांवर तिचे पाय टेकवावेत, ओळंब्याची दोरी स्थिर झाली की आडव्या काठीवर ती जिथे टेकते तिथे रेघ मारावी. मग पायांची अदलाबदल करून त्याच दगडांवर चौकट ठेवावी आणि दुसरी रेघ मारावी. दोन्ही रेघांच्या बरोबर मध्यावरची खूण म्हणजे समपातळी. अदलाबदल का करायची, याचे उत्तर मुलांकडून येईपर्यंत थांबावे.

त्यानंतर उतारावर एक पाय स्थिर ठेवून दुसरा वर-खाली सरकवत दोरी खुणेवर आणावी, तिथे चिमूटभर फक्की टाकावी आणि पुढचे पाऊल टाकावे. वीस-पंचवीस पावलांनी टेकडीवर जी वळणदार पांढरी रेघ उमटते, ती सगळीकडे एकाच उंचीवर असते. पाणलोटाच्या कामात सलग समतल चर याच तत्त्वावर खोदतात : पाणी चरात थांबते, धावत नाही, आणि जमिनीत मुरते.

बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार शिबिराने मराठी तरुणांना कुदळ-फावड्याची ओळख करून दिली. आपल्या शिबिरातले श्रमदान लहान असले तरी ते खरे असावे. जमिनीच्या मालकाची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी आधी घ्यावी, काम सकाळी नऊच्या आत आटोपावे, कुदळ मारणाऱ्यांत पुरेसे अंतर ठेवावे आणि चप्पल घालून खोदू देऊ नये. गटप्रमुखांनी कार्यशाळेत निदान दोन मीटर चर स्वतः खोदावा, म्हणजे मुलांकडून किती अपेक्षा करायची याचा अंदाज येतो.

सावली आणि ध्रुव

काठीच्या सावलीवरून दिशा काढण्याचा उपक्रम बहुतेक शिबिरांत असतो आणि बहुधा युरोपातल्या पुस्तकांवरून घेतलेला असतो. त्या पुस्तकांतले ‘दुपारची सावली उत्तरेकडे पडते’ हे वाक्य महाराष्ट्रात उन्हाळ्यात सरसकट चालत नाही. पुणे आणि मुंबई परिसरात मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. शिबिर याच काळात असेल तर ही मोठी संधी आहे. काठीच्या सावलीच्या टोकाला खडा ठेवावा, वीस मिनिटांनी दुसरा ठेवावा. पहिला खडा पश्चिमेकडचा, दुसरा पूर्वेकडचा. हा प्रयोग साडेदहा ते दीडच्या दरम्यान करावा. सकाळी लवकरच्या लांब सावलीने काढलेली रेषा तिरपी येते. गटप्रमुखांनी कार्यशाळेत दोन्ही वेळांना करून होकायंत्राशी ताडून पाहावे.

मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास सप्तर्षी उत्तरेला उंच असतात. त्यांच्या चौकोनातल्या टोकाच्या दोन ताऱ्यांची रेषा वाढवून ध्रुव शोधावा. हात ताठ धरल्यावर मुठीची रुंदी सुमारे दहा अंश भरते, आणि पुण्यातून ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींहून थोडा खाली दिसतो, कारण त्याची उंची साधारण त्या ठिकाणच्या अक्षांशाइतकी असते.

सूचना आणि रात्रीची तालीम

साहित्य वाटण्याआधी सूचना संपल्या पाहिजेत. हातात दोरी आली की कान बंद होतात. प्रत्येक गटप्रमुखाने आपल्या उपक्रमाच्या सूचना तीन वाक्यांत बसवून सर्वांसमोर म्हणून दाखवाव्यात.

पहिल्या रात्री जेवणानंतर, आगाऊ कल्पना न देता, एक प्रसंग उभा करावा : तंबूजवळ एका मुलाला साप चावला आहे. कोण मुलाजवळ थांबेल, कोण १०८ ला फोन लावेल, फोनला रेंज कुठे मिळते, गाडीची किल्ली कोणाकडे आहे, इतर मुलांना कोण सांभाळेल, याची उत्तरे घड्याळ लावून मिळवावीत. चावलेल्या जागी कापू नये, विष चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये. मुलाला धीर देऊन, चावलेला अवयव न हलवता तातडीने रुग्णालयात न्यावे. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशावरचे प्रतिविष (विषावरचे इंजेक्शन) उपलब्ध आहे, याची चौकशी शिबिरप्रमुखाने स्वतः जाऊन करावी. जुलाब-उलट्यांसाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे मिश्रणही प्रत्येकाने एकदा करून, चाखून पाहावे.

मुलांच्या लैंगिक सुरक्षेविषयी संकोच न करता बोलावे. कोणत्याही मुलाबरोबर एकच मोठी व्यक्ती बंद जागेत राहणार नाही, हा नियम सर्वांना लागू असावा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. ‘आपसांत मिटवू’ हा पर्याय नाही, हे कार्यशाळेतच ठामपणे सांगून ठेवावे. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक सर्वांच्या फोनमध्ये असावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रत्येक उपक्रमाचे एकेक पुठ्ठ्याचे कार्ड लिहून घ्यावे : साहित्य, प्रत्यक्ष लागलेला वेळ, कुठे अडले, कोणता प्रश्न विचारल्यावर गट थांबून विचार करू लागला. कार्ड साहित्याच्याच पिशवीत ठेवावे आणि प्रत्येक सत्रानंतर त्यावर नवी नोंद करावी. एखादा गटप्रमुख आजारी पडला, तर राखीव गटप्रमुखाने पिशवी उचलून पाच मिनिटांत सत्र सुरू करता आले पाहिजे. तसे जमते का, हे कार्यशाळेच्या शेवटच्या तासात दोघांच्या पिशव्या अचानक बदलून पाहावे.