शर्यतीच्या कबुतराच्या लिलावात बोलीची मर्यादा कशी ठरवावी

शर्यतीच्या होमर (लांब सोडलं तरी घरी परतणाऱ्या) कबुतरांचा शौक चेन्नई, बंगळुरू, कोलकात्याकडे जोरात आहे. इंदुरातल्या माणसाला चांगल्या वंशाचं पाखरू हवं असेल तर ते हातात न घेता फोनवरूनच बोली लावावी लागते. म्हणून मर्यादा लिलावाआधी ठरवायची, आणि ती कागदावर लिहायची.

१. पाखरू कशासाठी हवंय?
उडून तयार झालेलं मोठं होमर नव्या घरातून सोडलं की जुन्या घराकडेच निघतं. ते पैदाशीसाठी घ्यायचं आणि कायम बंद ठेवायचं. उडवायचं असेल तर चार-पाच आठवड्यांचं पिल्लू घ्या. ते तुमच्या गच्चीला सरावतं.

२. खर्च उलटा मोजा
समजा, खिशात एकूण २५,००० रुपये आहेत. पेटी आणि रेल्वे पार्सलचे २,००० आणि विष्ठेची तपासणी, औषधं, नर-मादी ओळखण्याची चाचणी यांचे २,००० आधी बाजूला काढा. उरले २१,०००. लिलाववाल्याचं कमिशन १० टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असेल, तर बोलीवर ११.८ टक्के चढतात. २१,००० ला १.११८ ने भागा: १८,७८४. बोली ५००-५०० ने चढत असेल तर तुमची शेवटची बोली १८,५००. कमिशन विसरून २१,००० पर्यंत गेलात तर जवळपास अडीच हजार वरून भरावे लागतात, आणि काटकसर मग नेमकी तपासणीत होते.

३. एका पिल्लाला किती पडतं ते काढा
परवडणं वेगळं आणि पाखराची तेवढी किंमत असणं वेगळं. हा हिशेब बहुतेक जण करतच नाहीत.

कबुतरी एका वेळी दोन अंडी घालते, अंडी साधारण १८ दिवस उबवली जातात. मादीला न दमवता वर्षाला तीन वेळा, म्हणजे सहा पिल्लं धरा. तीन वर्षांत अठरा. २५,००० भागिले १८, पिल्लामागे सुमारे १,४०० रुपये. मादीचं वय जास्त असून दोनच वर्षं मिळणार असतील तर हाच आकडा २,१०० च्या आसपास जातो. त्याच वंशाचं, पायात रिंग (जन्मसाल असलेलं कडं) घातलेलं पिल्लू पाळणाऱ्याकडून थेट १,५०० ला मिळत असेल, तर म्हाताऱ्या मादीसाठी पूर्ण मर्यादा वापरू नका. मादी साधारण सात-आठ वर्षांपुढे अंड्यांत मागे पडते, नर जास्त वर्षं चालतो. वय विक्रेत्याच्या शब्दावर धरू नका, रिंगवरचं साल पाहा. बंद रिंग आठवड्याभराच्या पिल्लाला घालतात, नंतर ती पंजातून जातच नाही.

घरात जोड कोणता लावणार तेही पाहा. पिल्लात निम्मं रक्त त्याचंच येणार आहे. जोड साधारण असेल तर महाग पाखरावर खर्च करण्याआधी तो सुधारा.

४. पेडिग्रीतल्या (वंशावळीतल्या) नावाचं वजन
नामांकित पाखराच्या पिल्लात त्याचं निम्मं रक्त, नातवात सरासरी पाव, पणतूत आठवा हिस्सा. कॅटलॉगमध्ये मात्र नाव तिघांच्याही वर सारख्याच ठळक अक्षरात असतं. पणतूसाठी मर्यादा निम्म्याने उतरवा. त्याच लिलावात सख्खं भावंड पुढच्या क्रमांकावर असेल तर आधीच्यासाठी ताणू नका.

सुरुवातीच्या बोलीवरूनही अंदाज बांधू नका. नोव्हेंबर २०२० मध्ये बेल्जियममधल्या लिलावात ‘न्यू किम’ या मादीची बोली २०० युरोपासून सुरू झाली आणि दोन चिनी ग्राहकांच्या चढाओढीत १६ लाख युरोवर थांबली. परदेशी लिलावात उतरायचं तर आधी केंद्र सरकारचा आयात परवाना हवा. बर्ड फ्लूमुळे आयात बंद होते तेव्हा जिंकलेलं पाखरू तिकडेच अडकतं.

५. व्हिडिओ मागवा
उघडलेला पंख (दहा मुख्य पिसं मोजता आली पाहिजेत), उघडी चोच, दोन्ही पायांवर उभं पाखरू आणि ताजी विष्ठा, एवढं दिसलं पाहिजे. घशात पिवळट थर असेल तर कँकर या घशाच्या रोगाची शंका घ्या, पंखाचा सांधा सुजलेला असेल तर साल्मोनेला या जिवाणूच्या आजाराची. विक्रेता व्हिडिओ देत नसेल तर मर्यादा कमी करू नका, ते पाखरूच सोडा.

६. बोलीच्या रात्री
अनेक ऑनलाइन लिलावांत शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ वाढतो. माणूस घसरतो तो इथेच, “आणखी पाचशेच” म्हणत. कमाल बोली आधीच भरून ठेवण्याची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर कागद घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती द्या आणि आकडा आला की तुमच्या हातातला फोन त्याने काढून घ्यावा असं ठरवा. दोन पाखरांवर एकाच वेळी तुमची बोली वर असेल तर दोन्हींचे पैसे द्यावे लागतात, तेव्हा पहिलीचा निकाल लागेपर्यंत दुसरीला हात लावू नका.

हरलात तरी रिंगचं साल, नर की मादी, वंश आणि शेवटची बोली वहीत टिपा. पुढच्या वेळी मर्यादा याच नोंदींवरून काढता येते. जिंकलात तर एप्रिल-मेच्या उन्हात पार्सल मागवू नका, रात्रीच्या गाडीने मागवा. आल्यावर तीन-चार आठवडे वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा. त्याचं पाणी आणि दाण्याची भांडी वेगळी हवीत, आणि त्याला रोज सगळ्यात शेवटी हात लावा.