जिम्नीचा ॲडजस्टेबल पॅनहार्ड रॉड: विकत की घरचा?

मारुती जिम्नी लिफ्ट केली, म्हणजे सस्पेन्शन बदलून उंच केली, की पुढचा आणि मागचा ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा आडवा भाग) थोडा एका बाजूला सरकतो. कारण पॅनहार्ड रॉडची, म्हणजे ॲक्सलला चासीशी आडवं जोडणाऱ्या दांड्याची, लांबी तीच राहते, फक्त त्याचा कोन बदलतो. लांबी कमीजास्त करता येणारा ॲडजस्टेबल रॉड लावून ॲक्सल परत मध्यावर आणता येतो.

वेल्डिंग हातात असलं तरी रस्त्यावरच्या गाडीसाठी हा रॉड विकतच घ्या, असं माझं ठाम मत आहे. वळणावर ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा हा एकच दांडा असतो. पुढचा तुटला तर स्टीअरिंगवरचा भरवसाच जातो. बनवायचाच असेल तर जाड भिंतीचा सीमलेस पाइप घ्या, प्लंबिंगचा मुळीच नको. पाइपात टोकाच्या आट्यांचा भाग व्यासाच्या किमान दीडपट आत राहू द्या, वेल्डिंग अनुभवी माणसाकडून करून घ्या आणि आटे सैल होऊ न देणारा चेकनट विसरू नका.

विकत घेताना दोन्ही टोकांना रबर बुश (बोल्टभोवतीची रबराची नळी) असलेला निवडा. उघडे बॉल जॉइंट धुळीत लवकर खिळखिळे होतात, आवाजही करतात.

बसवताना गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना मापं घ्या आणि बुशचे बोल्ट त्याच स्थितीत आवळा. जॅकवर लटकत्या ॲक्सलला आवळले तर बुश पिळलेलं राहून लवकर फाटतं.