कॅम्परच्या दाराला खिडकी बसवताय? या चुका टाळा

गेल्या जुलैत कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन चिखलदऱ्याहून नागपूरला परतलो. गाडीतून उतरताना दाराजवळच्या प्लायवर पाय दिला, तर तो मऊ लागला. खिडकीची काच कोरडी होती, आतली फ्रेमही कोरडी. पाणी नेमकं कुठून येतंय ते कळेना. शेवटी दार काढून सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवं केलं आणि खालची कड उघडली. आतला फोम भिजून जड झाला होता आणि त्यालगतची लाकडी पट्टी नखाने निघत होती. खिडकी बसवल्यानंतरचा तो दुसराच पावसाळा.

दाराच्या खिडकीत काचेपेक्षा पाण्याचा विचार आधी करावा लागतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

कॅम्परचं दार घराच्या दारासारखं भरीव नसतं. बाहेर ॲल्युमिनियमचा किंवा फायबरचा पातळ पत्रा, आत फोम आणि कडेने चौकट. खिडकी येते दोन फ्रेमची. बाहेरच्या फ्रेममध्ये काच असते. आतली फ्रेम स्क्रूने तिच्याकडे ओढली जाते आणि दार दोघींच्या मध्ये चिमटीत धरलं जातं. आता मधे नुसता फोम असेल तर स्क्रू आवळताच तो दबतो, पत्रा आत जातो आणि फ्रेमखाली फट पडते. माझ्या दाराचं हेच झालं होतं. कापलेल्या भोकाच्या चारही कडांना, फोम थोडा कोरून, दाराच्या पोकळीइतक्या जाडीच्या पट्ट्या भरायलाच हव्यात. लाकूड वापरू नका, पाणी लागलं की कुजतं. प्लायच्या दुकानात मिळणारी डब्ल्यूपीसीची (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेली) पट्टी चांगली.

दुसरी चूक मापाची. लोक खिडकीची लांबी-रुंदी मोजतात, दाराची जाडी मोजत नाहीत. जाडीशी न जुळणारी फ्रेम आणली तर स्क्रू एकतर पोचत नाहीत, नाहीतर टेकतात आणि पकड येत नाही. जुनी खिडकी बदलत असाल तर तिच्या बाहेरच्या काठाचं माप घेऊ नका. ती काढा, दारातलं भोक मोजा आणि कोपऱ्यांची गोलाई कागदावर उतरवून घ्या.

भोक कापताना कोपरा काटकोनात ठेवू नका. दार दिवसातून पन्नास वेळा आपटतं. ताण कोपऱ्यात जमतो आणि पत्र्याला तिथूनच चीर जाते. आधी कोपऱ्यांत होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) भोकं पाडा, मग जिगसॉने (बारीक पात्याच्या विजेच्या करवतीने) कापत ती जोडा. मास्किंग टेप लावून कापा, म्हणजे रंग उडत नाही. त्याआधी आतलं हँडल खोलून कुलपाचे दांडे कुठून जातात ते बघा.

काचेबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. टफन केलेली, म्हणजे तापवून कडक केलेली, काच नंतर कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. मी थोडी मोठी झालेली काच घेऊन गेलो, तेव्हा काचवाल्याने सरळ सांगितलं, "भाऊ, हिला कटर लावला तर दाणे होतील जी. माप आणा, नवी बनवून देतो." घरच्या खिडकीची साधी काच तर अजिबात नको, फुटली की सुरे होतात. काचेवर आयएस २५५३ चा, म्हणजे सुरक्षित काचेच्या भारतीय मानकाचा, शिक्का पाहूनच घ्या. बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा मोटार वाहन नियम आहे, त्यामुळे उन्हासाठी गडद काच नको, आतून पडदा लावा. नवं भोक पाडणार असाल तर आधी आरटीओत विचारून घ्या.

वजन कमी म्हणून काचेऐवजी ॲक्रिलिक, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची शीट, लावणाऱ्यांनी नागपूरचा उन्हाळा हिशेबात धरावा. अर्ध्या मीटरचं ॲक्रिलिक तापमानात ५० अंशांचा फरक पडला की पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास वाढतं. इथे जानेवारीची पहाट १० अंशांवर येते आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीचं दार तर त्याहून कितीतरी तापतं. फ्रेममध्ये घट्ट बसवलेली शीट फुगते नाहीतर तडकते. ती पुसायला थिनर किंवा ॲसिटोन कधीच घेऊ नका, बारीक तडे जातात.

आता सील. इथे सगळे सिलिकॉनकडे वळतात, मीही वळलो होतो. फ्रेमच्या बाहेरून चारही बाजूंनी मी त्याची जाड रेघ ओढली आणि खाली पाणी निघायची बारीक भोकं असतात, तीच बुजवली. फटीतून आत गेलेलं पाणी मग दारातच साचत राहिलं. फ्रेमच्या काठाखाली ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावा, टेपची टोकं जुळतात तो सांधा वर ठेवू नका, खाली ठेवा. जुन्या सिलिकॉनचा कण न कण खरवडून काढा, त्यावर काहीच नीट चिकटत नाही. काम सकाळी सावलीत करा, दुपारी तापलेल्या पत्र्यावर टेप लोण्यासारखी पसरते. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. टेप दोन-तीन दिवस बाहेर येत राहते. मग पुन्हा एकदा हलकेच आवळा आणि बाहेर आलेली टेप प्लॅस्टिकच्या पट्टीने कापा.

गळती तपासायला पावसाची वाट न बघता पाण्याचा पाइप लावा. आधी खिडकीखाली, मग बाजूंना, शेवटी वर, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. सुरुवातीलाच वरून पाणी सोडलं तर गळती कुठली ते ओळखता येत नाही. आत एकाला टॉर्च घेऊन बसवा. आतून काही दिसलं नाही तरी दाराच्या खालच्या कडेला हात लावून बघा, माझ्या दाराची ओल तिथेच होती.