अडकून पडलेला रॅप अल्बम कसा वाचवाल

2019 साली पिंपरीतल्या एका खोलीत, दारं-खिडक्यांवर आजीच्या गोधड्या टांगून, आम्ही नऊ मराठी रॅप गाणी रेकॉर्ड केली. एका कंपनीशी करार झाला, तारीख ठरली, पुढे ढकलली आणि मग त्यांनी फोन उचलणंच बंद केलं. गेल्या वर्षी तिसरं गाणं उघडलं, तर स्क्रीनवर ड्रमच्या सगळ्या नोट्स जागच्या जागी, पण आवाज नाही. तो आवाज काढणारा प्लगइन, म्हणजे जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, नव्या कॉम्प्युटरवर नव्हताच. मित्राचा वर्स, म्हणजे रॅपचं कडवं, एकटा वाजत होता आणि मागे शेजारच्या कुकरची शिट्टी.

ज्यांचा अल्बम असाच पडून आहे त्यांना कळकळीने सांगतो, रिलीजचं नंतर बघा, आधी स्टेम, म्हणजे प्रत्येक वाद्याची आणि आवाजाची वेगळी ऑडिओ फाइल, काढून घ्या. प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत, मध्ये शांतता असली तरी, 24 बिट वेव्ह फाइलमध्ये बाऊन्स करा, म्हणजे ऑडिओ म्हणून सेव्ह करा. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाज किती वेळा मोजला जातो तो आकडा) रेकॉर्डिंगचाच ठेवा. माणसांच्या आवाजाचे ट्रॅक दोनदा काढा, एकदा इफेक्टसकट, एकदा कोरे. फाइलच्या नावात गाणं, बीपीएम (मिनिटाला किती ठोके) आणि आवाज कोणाचा ते येऊ द्या. ‘फायनल नवीन 2’ वरून पाच वर्षांनी काही कळत नाही. मग रिकाम्या प्रोजेक्टमध्ये सगळे स्टेम शून्यावर लावून गाणं पूर्ण ऐका. गायब झालेला हाय-हॅट (ड्रममधली झांज) इथेच पकडला जातो.

कच्चा मिक्सही, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र केलेलं गाणंही, जपा. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा रॅपर आणि बीट बनवणारा जे डिला याने एमसीए कंपनीसाठी केलेला रॅप अल्बम कंपनीने बासनात गुंडाळला. 2006 मध्ये डिला गेला. अल्बम आला 2016 मध्ये, कारण मूळ मल्टिट्रॅक टेप (प्रत्येक ट्रॅक वेगळा असलेल्या) हाती लागल्या आणि त्याचे डेमो मिक्स समोर ठेवून काम करता आलं.

प्रती तीन ठेवा, त्यातली एक घराबाहेर.

आता कागद. कोणी काय लिहिलं, बीट कोणाचं, कोणाचा किती टक्के वाटा, हे एका पानावर उतरवून सगळ्यांच्या सह्या घ्या. दोस्ती पक्की आहे तोवरच घ्या. जुन्या रेकॉर्डवरून लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा, उचलला असेल तर दोन परवानग्या लागतात, रेकॉर्डिंगच्या मालकाची आणि संगीताच्या हक्कदाराची. डी ला सोल या अमेरिकन रॅप गटाचे सुरुवातीचे अल्बम अशाच सॅम्पलच्या, म्हणजे उचललेल्या तुकड्यांच्या, भानगडींमुळे 2023 पर्यंत स्ट्रीमिंगवर नव्हते. आम्ही आमच्या लूपमधली ढोलकी नव्याने वाजवून घेतली.

कंपनीचा करार वकिलासमोर ठेवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 19(4) त्यांना मुद्दाम दाखवा: हक्क लिहून घेणाऱ्याने ते 1 वर्षात वापरले नाहीत, तर ते हस्तांतरण संपुष्टात आलं असं धरलं जातं. मात्र करारात वेगळं लिहिलेलं असेल तर तेच चालतं, म्हणून बारीक अक्षरांतला मजकूर आधी वाचा. आमच्या करारात तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. दोन वर्षं मी उगाच त्यांच्या फोनची वाट पाहत बसलो.

तिसऱ्या गाण्यासाठी मित्राचा माळ्यावरचा जुना लॅपटॉप उतरवला. तो सुरू व्हायला वीस मिनिटं लागली, पण प्लगइन होता. रात्री एक वाजता ड्रमचे स्टेम बाहेर आले. कुकरच्या शिट्टीचा टेकही (रेकॉर्डिंगही) वेगळ्या नावाने जपलाय. मित्र म्हणतो, मिक्समध्ये तोच ठेवायचा.