फँटसीतल्या नायकाची शपथ कशी वाचावी

फँटसी कादंबरीत नायक शपथ घेतो ते पान आपण भारावून वाचतो आणि लगेच पुढे पळतो, कारण पुढे लढाई असते. पण लेखकाने पुढच्या कथेचा करार तिथेच करून ठेवलेला असतो. त्यामुळे शपथ सावकाश वाचावी. सरावासाठी एक शपथ मी रचली आहे. गडाची राखण करणारा तरुण पैलवान मोहिमेवर निघताना म्हणतो:

"गडावरच्या दिवट्या विझल्या, तरी माझ्या छातीतली मशाल विझणार नाही. काळी नदी उलटी वाहेपर्यंत मी जमिनीला पाठ टेकवणार नाही. माझी सावली या उंबरठ्यावर गहाण ठेवतो. परतलो तर सोडवीन."

१. आधी क्रियापदं वेगळी काढा. विझणार नाही, टेकवणार नाही, ठेवतो, सोडवीन. आता प्रत्येकाचा कर्ता पाहा. पहिल्या वाक्याचा कर्ता मशाल आहे. तिथे पैलवान स्वतःच्या मनाची स्थिती सांगतो, बांधून घेत काहीच नाही. दुसऱ्या वाक्यात तो स्वतःला बांधून घेतो. तिसरं सगळ्यात वजनदार, कारण 'गहाण ठेवतो' म्हणताक्षणी गहाण पडलेलं असतं.

२. मूळ अर्थ अडतो का, ते तपासा. शब्दाचा मूळ अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेणं म्हणजे लक्षणा. आपल्या काव्यशास्त्राने तिच्यासाठी तीन अटी घातल्या आहेत. शब्दाचा मूळ अर्थ अडला पाहिजे, नवा अर्थ मूळ अर्थाशी जोडलेला पाहिजे, आणि तसं बोलण्यामागे रूढी किंवा प्रयोजन पाहिजे. कोल्हापुरात "संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊया" म्हटलं की कुणी पाण्यावर चालत नाही. पाण्यावर फिरणं अशक्य, म्हणून अर्थ काठावर सरकतो. ही रूढी झाली. प्रयोजनाचं उदाहरण म्हणून जुने आचार्य 'गंगेवरची वस्ती' देतात: वस्ती काठावरच असते, पण 'गंगेवर' म्हटल्याने नदीचा गारवा आणि पावित्र्य त्या वस्तीला मिळतं. शपथेत बहुतेक वेळा प्रयोजनच असतं. 'माझी हिंमत टिकेल' म्हणण्याऐवजी 'मशाल' का म्हटलं? कारण दिवट्या विझतील ही भीती ऐकणाऱ्यांच्या मनात आधीच आहे. त्यांच्या भीतीला तो त्यांच्याच वस्तूने उत्तर देतो.

३. अडणं कुणाच्या जगात, हे ठरवा. माझ्या मते फँटसी वाचताना सगळ्यात जास्त घसरण इथे होते. आपल्या जगात सावली गहाण ठेवता येत नाही, म्हणून आपण 'म्हणजे इज्जत पणाला लावली' असा अर्थ घेऊन मोकळे होतो. पण त्या कादंबरीच्या जगात सावल्या माणसापासून सुटत असतील, तर मूळ अर्थ अडलाच नाही. मग ते रूपक नाही. पैलवान खरोखर सावलीविना मोहिमेवर निघाला आहे, आणि उन्हात उभा राहिला की शत्रूला ते दिसणार आहे. शपथेच्या आधीची प्रकरणं पुन्हा चाळा: सावलीबद्दल काही घडलं आहे का? उंबरठ्याला काही सामर्थ्य आहे का? पुरावा मिळेपर्यंत दोन्ही अर्थ हातात ठेवा.

महाभारतात अर्जुन प्रतिज्ञा करतो की उद्या सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन. त्यात अलंकार शोधू नका. सूर्यास्त म्हणजे सूर्यास्तच. म्हणून तर कृष्ण सूर्य झाकतो तेव्हा जयद्रथ निर्धास्त होतो आणि फसतो. शब्द शब्दशः धरला नसता तर तो प्रसंग उभाच राहिला नसता.

४. 'जोवर–तोवर' कुठल्या जातीचं आहे ते ओळखा. जुन्या दानलेखांतलं 'आचंद्रार्क', म्हणजे चंद्रसूर्य असेतोवर, याचा अर्थ 'कायमचं' एवढाच. उलट जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्या महाराजांसाठी बाजीप्रभूंनी खिंड अडवली, ती गडावरून तोफांचे आवाज होईपर्यंत, असं परंपरा सांगते. ही खरी मुदत होती. आवाज झाले की ती संपणार होती. आपल्या शपथेतली 'काळी नदी उलटी वाहेपर्यंत' वरवर पहिल्या जातीची वाटते: नदी उलटी वाहत नाही, म्हणजे कधीच नाही. पण कथेत नदी वळवणारा मांत्रिक असेल तर तीच मुदत होते, आणि खलनायकाला शपथ मोडण्याची वाट सापडते. हिरण्यकश्यपूच्या वरदानाचं असंच झालं: दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. नरसिंह बरोबर त्या शब्दांच्या फटीतून आला.

५. प्रतिमा कुणाच्या तोंडी आहे ते पाहा. 'पाठ टेकणे' म्हणजे आपल्याकडे विसावा घेणं. पण हा पैलवान आहे. लाल मातीत पाठ टेकली की कुस्ती गेली, हे खासबाग मैदानात बसलेल्या कोल्हापूरकराला समजवावं लागत नाही. म्हणजे एकाच वाक्यात दोन वचनं आहेत: थांबणार नाही आणि हरणार नाही. त्यातलं एक पाळताना दुसरं मोडायची वेळ येऊ शकते. न थांबता चालून थकलेला गडी आखाड्यात किती टिकणार? चांगला लेखक त्याला याच कोंडीत धरतो. हेच वाक्य एखाद्या कारकुनाच्या तोंडी असतं, तर मी फक्त विसाव्याचा अर्थ घेतला असता.

६. शेवटी शपथ साध्या मराठीत लिहून काढा. वहीत किंवा समासात, पेन्सिलने. "मी घाबरणार नाही. (काळी नदी वळेपर्यंत?) मी थांबणार नाही, हरणार नाही. माझी इज्जत किंवा खरीच सावली (?) इथे ठेवतो. परतलो तर परत घेईन." प्रश्नचिन्हं खोडू नका. पुढे नदीचा, सावलीचा किंवा उंबरठ्याचा उल्लेख आला की या पानावर परत या आणि त्या जागचं प्रश्नचिन्ह सुटतं का ते पाहा. 'परतलो तर' याकडेही लक्ष असू द्या: न परतल्यास सावलीचं काय, हे पैलवानाने सांगितलेलं नाही.