लिगुरियाचा किनारा सायकलवर: भुसावळ-जळगावच्या सायकलवाल्यांसाठी

नकाशात इटलीचा लिगुरिया किनारा पाहिला की वाटतं, समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाटच असणार. पण तिथे डोंगर सरळ समुद्रात उतरतात. रस्ता एका गावातून वर चढतो, कड्याला वळसा घालून पुढच्या गावात उतरतो आणि लगेच पुन्हा चढ लागतो. म्हणून टप्पा ठरवताना किलोमीटर नंतर बघा, आधी दिवसभरात एकूण किती मीटर चढायचंय ते बघा. आपल्याकडे हायवेवर दिवसाला शंभर किलोमीटर आरामात मारणारा गडी तिथे सामानासकट पन्नास-साठात गळून जातो.

माझी सगळी नोकरी रेल्वे इंजिनावर झाली, त्यामुळे चढ माझ्या डोक्यात ‘एकास किती’ असाच येतो. कसारा घाट एकास सदतीस, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. तेवढ्या चढाला गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. सायकलवाल्यांच्या भाषेत हा 2.7 टक्के झाला. आता 1907 पासून चालत आलेली मिलान-सानरेमो शर्यत बघा. ती याच किनाऱ्याने जाते. शेवटी तिला दोन चढ लागतात. चिप्रेस्सा 5.6 किलोमीटरचा, सरासरी 4.1 टक्के. पोज्जो 3.7 किलोमीटरचा, सरासरी 3.7 टक्के, आणि एका जागी 8. शर्यतवाले हे दोन्ही चढ सोपे समजतात, तरी कसाऱ्यापेक्षा खडेच. माझा हिशेब असा, की दर 100 मीटर चढाला टप्प्यात तीन किलोमीटर वाढवून धरायचे. कोमूट किंवा तत्सम कुठल्याही ॲपवर रस्ता टाकला की एकूण चढ दिसतो. हा आकडा बघितल्याशिवाय हॉटेल बुक करू नका.

सायकल महागच हवी असं नाही, गिअर मात्र हलका हवा. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या हायब्रिडला बऱ्याचदा पुढे तीन चकत्या असतात. त्यातली सगळ्यात लहान 28 दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी 34 ची असेल, तर मिनिटाला साठ पेडल मारून सायकल ताशी सव्वासहा किलोमीटरने चढते. त्या वेगाने दहा-बारा किलो सामान घेऊन तासभर चढता येतं, गुडघे साबूत राहतात. पुढे 39 आणि मागे 28 असलेल्या रेसिंग सायकलवर तेवढेच पेडल मारले तर वेग साडेदहाचा होतो. सामानासकट आठ टक्क्यांवर हा वेग टिकत नाही, माणूस उतरून ढकलायला लागतो. टायर 32 ते 38 मिलिमीटरचे घ्या.

तयारी घरूनच करायची. खान्देशात सपाटी भरपूर, घाट लांब, त्यामुळे घाटासाठी मुद्दाम दिवस काढावा लागतो. सावद्याहून खिरोद्यामार्गे पालला जाणारा रस्ता सुरुवातीला चांगला. मग चाळीसगावचा कन्नड घाट, पहाटे, रहदारी वाढायच्या आत, आणि एकाच दिवशी दोनदा. दुसऱ्यांदा चढताना पाय काय म्हणतात ते ऐका, कारण तिकडे संध्याकाळी चार वाजताही एक टेकडी उरलेली असते. शेवटची परीक्षा तोरणमाळची. सुमारे 1150 मीटर उंचीवरचं ठिकाण, शहाद्याकडून सातपायरी घाटाने गेलात तर एका दमात हजारेक मीटर चढ पदरात पडतो. हे सगळं रिकाम्या सायकलवर करून उपयोग नाही. दोन्ही बाजूंच्या पॅनिअरमध्ये, म्हणजे कॅरिअरला लटकवायच्या पिशव्यांमध्ये, पाच-पाच किलो ज्वारीच्या पिशव्या घाला. भार मागे आला की पुढचं चाक चढावर हलकं होऊन डुलायला लागतं. त्याची सवय इथेच व्हायला हवी.

उताराचंही तसंच. रेल्वेत घाट उतरण्याआधी ब्रेक तपासल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि वेग माथ्यावरच आवरायचा असतो, पायथ्याशी नाही. सायकललाही हाच नियम लावा. ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाच्या आधी नीट दाबा, वळणात सोडा, रिमला आणि पॅडला थंड व्हायला जागा द्या. ब्रेक पॅडचा एक जोड जवळ ठेवाच.

जायचं कधी? मे, जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये सगळी इटली समुद्रावर येते, 15 ऑगस्टच्या सणाच्या आसपास खोली मिळणं मुश्कील. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात पावसाचा धोका असतो. 25 ऑक्टोबर 2011 च्या पुराने व्हेर्नाझ्झा आणि मोन्तेरोस्सो ही गावं चिखलाखाली गेली होती. खान्देशवाल्यांनी मे धरावा असं माझं मत आहे. त्याची तयारी दिवाळी ते होळी या काळात होते, आणि आपल्याकडे घाट चढायला यापेक्षा बरे महिने नाहीत. सप्टेंबरला जायचं तर एप्रिल-मेच्या 44-45 अंशांत सराव करावा लागतो. तो पहाटे पाचला सुरू करून साडेआठला घरी, एवढाच जमतो.

शेंगेन व्हिसासाठी (इटली, फ्रान्स धरून युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा) प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मी तीन महिने आधी करा म्हणेन. कमीत कमी 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. विमानाने फ्रान्समधल्या नीसला उतरणार असाल तरी जास्त मुक्काम इटलीत असेल तर अर्ज इटलीकडेच करायचा. नीस या किनाऱ्याला फार सोयीचं आहे, तिथून लोकल गाडीने तासाभरात सरहद्दीवरच्या वेंतिमिलियात पोचता येतं.

सायकल पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायची. नव्या सायकली येतात ते खोके दुकानदार देतात. पेडल काढताना डावीकडच्याचा आटा उलटा असतो, तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. बरेच जण तिथे जोर लावून आटा खराब करतात. मागचा डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, तो बसतो त्या पट्टीवरून (हँगरवरून) सोडवून चेनसकट कापडात गुंडाळा आणि फ्रेमला आतल्या बाजूने बांधा, म्हणजे खोका आपटला तरी हँगर वाकत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. भुसावळहून मुंबईला जाताना खोका सीटखाली बसवायच्या फंदात पडू नका. पार्सल ऑफिसला जाऊन ब्रेकव्हॅनमध्ये लगेज बुक करा आणि त्यासाठी गाडीच्या बराच वेळ आधी स्टेशन गाठा.

वेंतिमिलियाहून जेनोवाकडे, म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेला जा. तिथे रहदारी उजवीकडून चालते, त्यामुळे या दिशेने गेलं की समुद्र आपल्या हाताशी राहतो. पहिल्याच दिवशी घाई नको. सामान खोलीवर ठेवून आतल्या डोंगरांत एक फेरी मारा: दोल्चेआक्वा, इसोलाबोना, आप्रिकाले, पेरिनाल्दो आणि वाल्लेक्रोसियावरून खाली. सुमारे 40 किलोमीटर होतात. दोल्चेआक्वाचा एका कमानीचा दगडी पूल चित्रकार मोनेने 1884 मध्ये रंगवला. पेरिनाल्दो 572 मीटरवर आहे, खगोलशास्त्रज्ञ कासिनी 1625 मध्ये तिथे जन्मला. चढावर दोन्हीकडे ऑलिव्हच्या पायऱ्या-पायऱ्यांची शेतं लागतात, सगळे बांध रचलेल्या दगडांचे.

दुसरा दिवस माझ्या सर्वांत आवडीचा. ओस्पेदालेत्तीपासून सान लोरेन्झो आल मारेपर्यंत 24 किलोमीटर जुन्या रेल्वेमार्गावरून सायकलवाट गेली आहे. 2001 मध्ये रेल्वे डोंगराच्या पोटातल्या नव्या मार्गावर गेली आणि समुद्राकाठची ही एकेरी लाइन रिकामी झाली. रूळ उचलले, डांबर टाकलं, बोगदे तसेच ठेवले. ओस्पेदालेत्ती आणि सानरेमोच्या मध्ये कापो नेरोचा मोठा बोगदा आहे. आत शिरताच अंगावर गार हवा येते, भिंतीवर मिलान-सानरेमोच्या विजेत्यांच्या पाट्या ओळीने लावल्या आहेत. रेल्वेची लाइन असल्यामुळे चढ जाणवतही नाही. मी वाटेत थांबून बोगद्याची दगडी कमान हाताने चाचपून पाहिली. दगड एकमेकांत असे बसवलेत की बोट घालायला जागा नाही. ज्याने रेल्वेत दिवस काढले त्याने ही वाट जरूर करावी, आणि सावकाश करावी. आदल्या दिवशीच्या चढानंतर पायांनाही हा आराम लागतोच. डोंगरातला एक दिवस, रेल्वेवाटेचा एक दिवस, अशी पाळी सबंध प्रवासात ठेवा.

पुढे इम्पेरियाहून बेर्ता, चेर्वो आणि मेले हे तीन कडे ओळीने येतात. कुठलाच मोठा नाही, पण एकामागून एक आल्याने दमवतात. आलास्सियो, आल्बेन्गा, फिनाले लिगुरे, नोली, सावोना असा किनारा पुढे जातो. वाराझ्झे ते आरेन्झानो पुन्हा जुनी रेल्वेवाट आहे. जेनोवा शहरातली रहदारी मात्र अंगावर घेऊ नका, आरेन्झानोला गाडीत बसा. रेजिओनाले म्हणजे तिथल्या पॅसेंजर गाडीत ज्या डब्यावर सायकलचं चित्र असतं त्यात सायकल चढवता येते. तिचं वेगळं तिकीट काढायचं. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये त्यावर शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट हातात असूनही दंड होतो.

ज्यांच्या पायांत अजून जोर असेल त्यांनी जेनोवाच्या पलीकडे सेस्त्री लेवान्तेहून 615 मीटरचा ब्राक्को घाट चढून लेवान्तोला उतरावं. लेवान्तो ते फ्रामुरा पुन्हा जुन्या बोगद्यांतून वाट आहे. चिंक्वे तेर्रेची पाच गावं मात्र लेवान्तोहून रेल्वेने बघा. तिथल्या पायवाटा चालणाऱ्यांच्या आहेत आणि गाडीरस्ता गावांच्या फार वरून जातो.

रस्त्याचे नियम कडक आहेत. हिरव्या पाटीचा रस्ता म्हणजे मोटरवे, तिथे सायकलला बंदी. गावाबाहेर दोघांनी शेजारी-शेजारी चालवायची नाही, एकामागे एक. बोगद्यात आणि गावाबाहेर अंधारात चमकणारं जॅकेट सक्तीचं आहे, ते हँडलच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवा. मदतीसाठी 112.

शाकाहारी माणसाची या किनाऱ्यावर उपासमार होत नाही. फारिनाता मागा. चण्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्हचं तेल, तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. खाताना आपल्या पिठल्याच्या वडीची आठवण येते. फोकाच्चा पाव कुठल्याही बेकरीत मिळतो, खिशात घालून चढाला लागायचं. दुपारी एक ते साडेतीन-चार दुकानं बंद असतात, म्हणून जेवणाची खरेदी बाराच्या आत उरका. घरून शेंगदाण्याची चटणी, बिबड्या, केळीचे वेफर्स न्या. पेढे, पनीर, तूप मात्र घरीच ठेवा, युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस नेता येत नाही. ताजी फळंही बहुतेक अडवतात. आपल्या रावेर-यावलच्या केळीला मात्र त्यातून सूट आहे.

परतीच्या खोक्याची सोय शेवटच्या दिवसावर ढकलू नका. विमान नीसहून असो की मिलानहून, त्या शहरात दोन दिवस आधी पोचा, पहिल्याच सकाळी सायकलच्या दुकानात जाऊन खोका मागून ठेवा. रविवारी आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारी सकाळी दुकानं बंद असतात, तेव्हा परतीचं तिकीट त्या बेताने काढा.