रेकॉर्ड लेबलच्या ए अँड आर विभागात यायचं असेल तर

नवे कलाकार हेरणं, त्यांच्याशी करार करणं आणि त्यांच्याकडून रेकॉर्ड पूर्ण करून घेणं हे लेबलच्या ए अँड आर (आर्टिस्ट्स अँड रेपर्टुआर) विभागाचं काम. बाहेरून ते निव्वळ कानाचं काम वाटतं. कान लागतोच, पण नवखे लोक अडकतात ते कागदपत्रांत आणि हिशेबात.

थेट मॅनेजर म्हणून सहसा कुणी घेत नाही. सुरुवात स्काउट किंवा असिस्टंट म्हणून होते. काही जण बुकिंग एजन्सीतून, डिस्ट्रिब्युशन कंपनीतून किंवा एखाद्या बँडचं व्यवस्थापन बघता बघता इकडे येतात. आजपासूनच एक शीट ठेवा: कलाकाराचं नाव, पहिल्यांदा ऐकल्याची तारीख, तेव्हाचे मासिक श्रोते, काय आवडलं, काय खटकलं. सहा महिन्यांनी आकडे पुन्हा भरा. चुकलेले अंदाज पुसू नका. मुलाखतीत संगीताची आवड सगळेच सांगतात. तारखेनिशी ठेवलेल्या नोंदी फार थोड्यांकडे असतात.

डेमो, म्हणजे कलाकाराने पाठवलेलं नमुन्याचं रेकॉर्डिंग, ऐकताना पहिल्यांदा फोटो, व्हिडिओ, आकडे काहीही बघू नका. एक चांगलं गाणं योगायोगानेही जमतं, म्हणून अजून चार-पाच गाणी मागा, त्यांत एखादं अर्धवट असलेलंही. मग एका गाण्याबद्दल नेमकी सूचना करा, उदाहरणार्थ दुसरा अंतरा लांबतोय, आणि परत काय येतं ते बघा. सूचना जशीच्या तशी मानली की नाही हे गौण आहे. गाणं आधीपेक्षा बरं झालं का, एवढंच तपासायचं.

आकडे त्यानंतर. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकल्यावर एक स्ट्रीम मोजला जातो, त्यामुळे नुसत्या स्ट्रीमच्या संख्येवरून गाणं शेवटपर्यंत ऐकलं गेलं की नाही ते कळत नाही. कलाकाराकडून त्याच्या खात्यातली आतली आकडेवारी मागून घ्या. किती जणांनी गाणं सेव्ह केलं, एक श्रोता सरासरी किती वेळा ऐकतो, श्रोते स्वतः शोधून येतात की एकाच मोठ्या प्लेलिस्टमधून? प्लेलिस्टमधून गाणं निघाल्यावर आलेख कोसळत असेल, तर तो प्रेक्षक प्लेलिस्टचा होता. जिथे कलाकाराला कुणी ओळखत नाही अशा एकाच शहरातून अचानक हजारो स्ट्रीम आले असतील, तर ते विकत घेतलेले असण्याची शंका घ्या आणि स्पष्ट विचारा.

कार्यक्रम किमान दोनदा बघा, वेगवेगळ्या जागी. एकदा तरी मित्रमंडळींच्या गर्दीपासून दूर. नजर प्रेक्षकांवर ठेवा, विशेषतः अनोळखी गाणं सुरू झाल्यावर. मॉनिटर (मंचावर कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) बंद पडला, तार तुटली, तर कलाकार काय करतो तेही बघा.

तरीही निवड चुकते. 1 जानेवारी 1962 रोजी डेका या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीने बीटल्सची ऑडिशन घेतली आणि त्यांना नाकारून ब्रायन पूल अँड द ट्रेमेलोज हा गट घेतला. याच कंपनीच्या डिक रो यांनी पुढच्या वर्षी रोलिंग स्टोन्सना साइन केलं, तेही बीटल्सच्याच जॉर्ज हॅरिसन यांच्या शिफारशीवरून. नकार देताना सभ्यपणे आणि कारण सांगून द्या. तोच कलाकार पुन्हा समोर येऊ शकतो.

पसंती पक्की झाली की आधी अडथळे शोधा. प्रत्येक गाण्याची स्प्लिट शीट हवी: कुणी लिहिलं, कुणी चाल दिली, कुणाचा किती टक्के वाटा, आणि सगळ्यांच्या सह्या. बीट (गाण्याखालचं तयार संगीत) ऑनलाइन लीजवर, म्हणजे वापराच्या परवान्यावर, घेतलेली असेल तर परवाना वाचा. अशी बीट बरेचदा अनेकांना विकलेली असते आणि परवान्यात स्ट्रीमची मर्यादा असते. गाणं गाजल्यावर ती ओलांडली जाते आणि बीटमेकरशी सौदा त्याच्या अटींवर करावा लागतो. सॅम्पल (दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून घेतलेला तुकडा), जुना डिस्ट्रिब्युशन करार, बँड सोडून गेलेल्या सदस्याचा हक्क, बँडच्या नावाची मालकी हे सगळं सहीच्या आधी मिटवायचं. नंतर प्रत्येक गोष्ट महाग पडते.

आता हिशेब. समजा ॲडव्हान्स (कलाकाराला आगाऊ दिलेली रक्कम) 100, रेकॉर्डिंग 60, व्हिडिओ 40 आणि मार्केटिंग 120. नेहमीच्या रॉयल्टी करारात ॲडव्हान्स, रेकॉर्डिंग आणि अर्धा व्हिडिओ, म्हणजे 180, कलाकाराच्या रॉयल्टीतून वळते होतात. रॉयल्टी 20 टक्के असेल तर लेबलकडे 900 जमा होईपर्यंत कलाकाराला नवा पैसा मिळत नाही. निम्म्या नफ्याच्या करारात आधी 220 खर्च निघतो, मग दोघांना अर्धं अर्धं, आणि कलाकाराच्या अर्ध्यातून ॲडव्हान्स फिटतो. तिथे तो टप्पा 420 वर येतो. हे गणित कलाकारासमोर कागदावर मांडा आणि त्याला स्वतःचा वकील घ्यायला सांगा. पहिल्या रॉयल्टी स्टेटमेंटवर शून्य बघून ज्याला धक्का बसतो, त्याला सही घेताना कुणीतरी नीट सांगितलेलं नसतं. ही जबाबदारी ए अँड आरची आहे, कायदा विभागाची नव्हे.

करारात पुढच्या गोष्टी स्वतः वाचा: मास्टर (मूळ रेकॉर्डिंग) कायमचा लेबलचा की ठरावीक वर्षांच्या परवान्यावर, पुढच्या रेकॉर्डचे किती ऑप्शन (ते वापरायचे की नाही हे लेबल ठरवतं), ठरलेल्या मुदतीत रिलीज करण्याची हमी, आणि एका रेकॉर्डची तूट दुसऱ्याच्या कमाईतून वसूल होते का.

सहीनंतर खरी धावपळ. मिक्स, मास्टर, वाद्यसंगीताची आवृत्ती, स्टेम (आवाज आणि वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक), शब्द, श्रेयनामावली, प्रत्येक ट्रॅकचा 12 अक्षर-अंकी आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) हे सगळं रिलीजच्या किमान चार आठवडे आधी हातात हवं. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं रिलीजच्या कमीत कमी 7 दिवस आधी सुचवावं लागतं, पण तेवढ्यावर थांबू नका. कव्हरच्या मंजुरीतच आठवडा जातो. आणि ऑप्शनची शेवटची तारीख सही झाली त्याच दिवशी कॅलेंडरवर घाला, आधी 60 दिवसांची आठवण लावून. ती चुकली तर कलाकार मोकळा होतो आणि तोपर्यंतची सगळी मेहनत दुसऱ्या लेबलच्या कामी येते.